तानसेनला निघण्याआधी

मिरज

चि. सौ. बेबी हिस,


तुझी यादी मिळाली. स्वेटर किती, कुकर केवढा, कांदा-लसूण मसाला किती किलो, चष्मे दोन की तीन. त्याची उत्तरं फोनवर देईन. मसाला तेवढा इथून ने, बाकी सगळं तिकडे नेपाळात, बुटवलच्या बाजारात मिळतं. पत्र लिहायला बसले ती यादीच्या खाली तू बारीक अक्षरात लिहिलेल्या ओळीसाठी : “मावशी, आम्ही दोघांनी तिथे नेमकं करायचं काय?”

प्रश्न बरोबर आहे आणि तो तुला निरोपसमारंभानंतर पडला, हेही मला कळतं. पाळकांनी तुम्हाला वेदीपुढे उभं केलं, हार घातले, ‘आपले मिशनरी’ म्हटलं. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस आणि नर्सिंग स्कूलमध्ये आयुष्यभर शिकवलेली बाई, दोघं साठीच्या आसपास. एका दुपारीत मिशनरी झालात. हार वाळले की माणूस विचार करायला लागतो.

तर उत्तर सांगते. फार थोडं करायचं. आणि ते थोडंच राहू द्यायचं, त्याला फुगवायचं नाही. हे दुसरं पहिल्यापेक्षा अवघड आहे.

काका आणि मी तिथे राहिलो, त्यावरून तानसेनच्या दिवसाची आधी कल्पना देते. घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं. गाव डोंगराच्या उतारावर, म्हणजे कुठेही जा, पायऱ्या आणि चढ. तुझ्या गुडघ्यांचं बघ आधी. थंडीत सकाळी खालचं माडीचं खोरं धुक्याने भरलेलं असतं, वरून पांढरं तळंच वाटतं. श्रीनगर टेकडीवर गेलात आणि हवा स्वच्छ असली तर धौलागिरीपासून माछापुच्छ्रेपर्यंतची रांग दिसते. पहिले काही दिवस तुम्ही रोज जाल, मग आठवड्याने, मग पाहुणे आले की. सकाळी चहा होतो आणि दहाच्या आत डाळ-भाताचं पहिलं जेवण उरकून बाजार-ऑफिसं सुरू होतात. आपल्या पोटाला हे जमायला वेळ लागतो. तिथली चुकौनी खाऊन बघ, दह्यातला बटाटा. आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण. आमच्या वेळी सुट्टी शनिवारी, उपासनाही शनिवारी, आणि रविवारी सगळे कामावर. हे मात्र मला शेवटपर्यंत अंगवळणी पडलं नाही. रविवारी सकाळी कान घंटेची वाट बघायचे.

आता काम. जावईबापूंची मला जास्त काळजी वाटते. तुझं निभेल, बाईला स्वयंपाकघर असतं, दार असतं, येणारं-जाणारं असतं. पुरुष निवृत्त होतो तेव्हा त्याचा हुद्दा जातो, आणि परमुलखात तो नव्याने मिळवायचा मोह होतो. तानसेनच्या मिशन रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्ये जनरेटर, बॉयलर, ऑटोक्लेव्ह सगळं सांभाळणारी नेपाळी मुलं आहेत आणि ती उत्तम जाणकार आहेत. ते आपोआप झालेलं नाही. ओड हॉफ्टुन नावाचे नॉर्वेचे इंजिनिअर रुग्णालयाची इमारत बांधायला तानसेनला आले, आणि पुढे त्यांच्याच पुढाकाराने १९६३ मध्ये बुटवलला तांत्रिक संस्था निघाली. तिथे पोरांच्या हातात यंत्रं दिली, त्यातून कारखाने उभे राहिले, तिनाऊ नदीवर एक मेगावॉटचं वीजकेंद्र झालं. तेव्हा जावईबापूंनी जाताना एवढंच मनात धरावं की आपण शिकवायला चाललेलो नाही. पहिले काही महिने पाना हातात द्यायचा आणि नाव विचारायचं. काका स्टोअरमध्ये बसायचे. नटबोल्ट मापाप्रमाणे डब्यांत लावणं, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, हेच त्यांचं मिशनकार्य. देवनागरी आपलीच, त्यामुळे चिठ्ठ्या तरी पहिल्या दिवसापासून जमल्या.

तूही वॉर्डात ‘सिस्टर’ म्हणून शिरू नकोस. तिथल्या कौन्सिलची नोंदणी नसताना रुग्णाला हात लावायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. तुला पाहुणेघराच्या चादरी मिळतील, किंवा ओपीडीबाहेर बसलेल्या नातेवाइकांना कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगायचं काम मिळेल. डोंगरातून उतरून आलेल्या म्हातारीला कागद घेऊन तीन खिडक्या फिरवणं हे काही साक्ष देण्यासारखं काम नाही. पण तिला त्या दिवशी तेवढंच हवं असतं.

आणि संध्याकाळ. तुमचं खरं काम संध्याकाळचं आहे, असं मला वाटतं, आणि त्याचा उल्लेख कुठल्याच नेमणूकपत्रात नसतो. लांबच्या गावांतून आलेल्या नर्समुली, ट्रेनिंगची पोरं, कोणी एकटा परदेशी डॉक्टर, हे सगळे चहाच्या निमित्ताने येतात. बोलायला येतात असं वाटतं. खरं म्हणजे बघायला येतात. दोन म्हातारी माणसं एकमेकांशी कशी बोलतात, चिडल्यावर काय करतात, पैसे कोणाकडे असतात. काका कपबश्या विसळायचे, त्यावर मुलींच्या होस्टेलात बरेच दिवस चर्चा चालली होती. तेव्हा भांडायचं तर मराठीत भांडा, तेही हळू. हिंदी सिनेमामुळे त्यांना निम्मं कळतं. आणि दोघांनी एकाच खात्यात काम घेऊ नका. दिवसभर वेगळे राहिलात तर संध्याकाळी सांगायला काही उरेल. चोवीस तास समोरासमोर राहायची सवय आपल्याकडच्या जोडप्यांना नसते. ती म्हातारपणी परदेशात लावून घेऊ नये.

हिंदीचा विषय निघालाच आहे तर. आपल्याला व्हिसा लागत नाही, सुनौलीची कमान चालत ओलांडली की झालं, म्हणून आपल्याला तो परदेश वाटत नाही. त्यांना मात्र आपण परदेशी वाटतो, आणि त्यातही मोठ्या शेजारचे. नेपाळी शिका, मोडकी बोला, हसू द्या. २०१५ च्या सप्टेंबरपासून पुढल्या फेब्रुवारीपर्यंत सीमेवर माल अडला होता, तेव्हा आम्ही तिथेच होतो. गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधांची ओढाताण. सिलिंडरच्या रांगेत एका शिक्षकाने काकांना विचारलं, तुमच्या देशाने हे का केलं? आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं झालं. दिल्लीची वकिली करायची नाही, शिव्याही द्यायच्या नाहीत, रांगेतली आपली जागा धरून उभं राहायचं. मग शेजारणीने तिच्या मागच्या अंगणातली चूल दाखवली आणि पावसाळा संपून थंडी उतरेपर्यंत आमचा भात तिथे शिजला. पाहुणचार कोण कोणाचा करतंय, हे त्या दिवसांत स्पष्ट होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंप झाला, २५ तारखेला, शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास. उपासना चालू होती. आम्ही सगळे बाहेर पळालो आणि तानसेन बचावलं. दुसऱ्या जिल्ह्यांत मात्र शनिवार असल्यामुळेच माणसं मंडळीच्या इमारतींखाली सापडली. नंतर मिरजेहून फोन यायला लागले : भूकंपातली साक्ष लिहून पाठवा, मंडळीच्या अंकात छापतो. काकांनी तीन ओळी पाठवल्या. ताडपत्र्या मोजल्या, घोंगड्यांचे गठ्ठे बांधले, ट्रक गेला. ते काही छापलं गेलं नाही.

बेबी, हे मी मुद्दाम लांबवून सांगते आहे. तुमच्याकडून प्रार्थनापत्रं मागतील. मंडळीने पैसे दिलेत, त्यांना कळलं पाहिजे, हे रास्तच आहे. पण महिना संपत आला की हात अडखळेल, कारण महिन्यात काही घडलेलं नसेल. मग माणूस चादरींना ‘सेवेची संधी’ म्हणायला लागतो, म्हातारीच्या तीन खिडक्यांना ‘अंधारातला प्रकाश’ म्हणतो, आणि रुग्णाचा फोटो काढतो. फोटो काढू नकोस. आपल्याच मिरजेतल्या लोकांचे असे फोटो कधीकाळी अमेरिकेतल्या चर्चच्या भिंतींवर लागत असतील, त्यांना कोणी विचारलं होतं का? १८९४ पासून मिरजेचं मिशन रुग्णालय इथे उभं आहे. ते काढणाऱ्या वॉनलेस साहेबांचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि असायलाच हवं. ते नसते तर तू आणि मी नर्स झालो नसतो. पण त्या काळच्या पत्रांतून आपण कसे दिसत असू, याचा विचार मी नेपाळला गेल्यावर पहिल्यांदा केला. त्यामुळे ‘या महिन्यात विशेष काही नाही, चादरी धुतल्या, पाऊस फार आहे’ असं लिहायची लाज वाटू देऊ नकोस. कोषाध्यक्ष कुरकुरतील. कुरकुरू देत.

तानसेनच्या रुग्णालयामागच्या मिशनची सुरुवात तरी कुठे मोठं काही ठरवून झाली? १९४९ मध्ये मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले शिक्षक रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचे नमुने गोळा करायला नेपाळात गेले. पुढच्या एका फेरीत त्यांची डॉक्टर बायको बेथेल बरोबर होती, आणि नवरा पक्ष्यांमागे असताना तिच्याकडे रोग्यांची रांग लागली. त्यातून सरकारचं आमंत्रण आलं, १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ स्थापन झालं, काठमांडूत शांता भवन या राणांच्या राजवाड्यात खाटा पडल्या. फ्लेमिंग पुढेही पक्षी बघत राहिले, मुलाबरोबर नेपाळच्या पक्ष्यांवर पुस्तक केलं. मला हे जोडपं आवडतं, कारण नवऱ्याने आपला छंद सोडला नाही. जावईबापूंना बासरीची पेटी न्यायला सांग.

कायद्याचं थोडक्यात. धर्मांतर करवणं तिथे गुन्हा आहे. २०१८ पासून लागू झालेल्या संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगून देशाबाहेर जावं लागतं. मिशनने पहिल्यापासून सरकारला धर्मांतर न करवण्याचा शब्द दिलेला आहे. पत्रकं पिशवीत नकोत. तुमच्या चुकीची किंमत तुम्हाला नाही, तिथल्या मंडळीला मोजावी लागेल. कोणी विचारलं की तुम्ही का आलात, तर खरं सांगा, दोन वाक्यांत.

पैशाचंही तसंच. दारात येऊन मागणाऱ्याला हातात रोख देऊ नका, रुग्णालयाच्या मदतनिधीकडे पाठवा. एकदा तुम्ही दिलेत की वॉर्डातल्या नेपाळी भगिनीचा शब्द हलका होतो. मन दुखतं, दुखू दे. मेडिक्लेम भारताबाहेर चालतो का, ते मात्र आजच विचार. बहुधा नाही चालणार.

आता ताईचं. तुझी आई चौऱ्याऐंशीची आहे आणि तू जाणार म्हणून खूश आहे, हे तिने मला चारदा सांगितलं, म्हणजे ती किती खूश आहे ते समज. तानसेनहून सुनौली, तिथून गोरखपूर, पुढे रेल्वे. मिरजेला पोहोचायला दोन दिवस तरी धर. मी नेपाळात असताना तुझे आजोबा गेले. दफन मी यायच्या आत झालं, आणि ते मीच आधी ठरवून गेले होते, म्हणून भावांना फोनवर विचारत बसावं लागलं नाही. तूही भावाशी बोलून ठरव, आईच्या समोर ठरव. तिला वाईट वाटणार नाही. ती तुझ्यापेक्षा खमकी आहे. नातवाच्या बारशाचंही असंच काहीतरी चुकेल, त्याचा हिशेब ठेवू नकोस.

येत्या शनिवारी दोघं जेवायला या. कुकर बघायला आण, पाच लिटरचा पुरेल. ताईच्या गोळ्या दर महिन्याला मी आणत जाईन, चिठ्ठी तेवढी माझ्याकडे ठेवून जा. आणि भावाला बरोबर घेऊन ये, जेवणानंतर ते बोलून टाकू.

तुझी
मावशी