परदेशातून परतलात? गाडीला किक मारण्यापूर्वी...

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत परदेशी नोकरीला असलेली मंडळी बार्शीला घरी येतात. काही जण पन्नाशी उलटल्यावर कायमचे परततात. मग पडवीत झाकून ठेवलेली मोटारसायकल बाहेर निघते. परवाना नूतनीकरणासाठी चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो, त्याला नमुना १-अ म्हणतात. त्यासाठी ही मंडळी माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, यात तपासायचे काय? पोहणे आणि गाडी चालवणे माणूस विसरत नसतो."

हे म्हणणे निम्मे खरे आहे. आज उरलेल्या निम्म्याविषयी सांगतो.

सवय मित्र, सवयच शत्रू

तोल सांभाळणे, क्लच सोडणे या गोष्टी मेंदूत एकदा पक्क्या बसल्या की वर्षानुवर्षे टिकतात. त्यासाठी विचार करावा लागत नाही. पण परदेशात लागलेली सवयही अशीच पक्की बसलेली असते. आखाती देशांत आणि अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आपल्याकडे डाव्या.

माझ्या एका रुग्णाचे उदाहरण देतो. आखातात सोळा वर्षे मोटार चालवून हे गृहस्थ परतले. बाजारपेठेच्या गर्दीत आठवडाभर त्यांनी मोटारसायकल बिनचूक चालवली. एका पहाटे लातूर रस्त्यावर पेट्रोल भरून बाहेर पडताना मात्र ते सरळ उजव्या बाजूला लागले. समोरून दुधाची गाडी आली. कॉलर बोन मोडले, यावरच निभावले.

असे का झाले? गर्दीत इतर वाहनेच आपल्याला योग्य बाजूला ठेवतात. रस्ता रिकामा असला की मेंदू जुन्या सवयीवर चालतो. म्हणून खरा धोका पहाटे, वळणावर आणि पंपातून बाहेर पडताना असतो. रस्त्यावर येताना आपल्याकडे जवळचे वाहन उजवीकडून येते, तेव्हा आधी उजवीकडे पाहावे.

स्वीडन या देशाने ३ सप्टेंबर १९६७ रोजी एका दिवसात डावी बाजू सोडून उजवी धरली. सुरुवातीला अपघात उलट कमी झाले, कारण प्रत्येक जण जपून होता. पुढे सावधपणा ओसरला आणि अपघात पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेले. आपणही पहिल्या दिवशी जपतो, आठव्या दिवशी विसरतो.

डोळे आणि मान

तिशीत गेलेला माणूस पन्नाशीत परततो, तेव्हा डोळे तेच राहिलेले नसतात. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या दिव्याचा झोत पसरतो आणि काही क्षण काहीच दिसत नाही. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते, हे लक्षात घ्या. दुहेरी काचेच्या चष्म्यातून खाली पाहिले तर खड्डा अंधूक दिसतो. त्यासाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घ्यावा.

मानेची परीक्षा घरीच करा. स्टुलावर ताठ बसून खांद्यावरून मागे पाहा. भिंतीवरचे मागचे कॅलेंडर दिसत नसेल, तर मागून येणारा ट्रकही दिसणार नाही.

ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर साडेपाच मीटर, म्हणजे एका जीपच्या लांबीहून जास्त अंतर हातचे गेले.

झोप, गोळ्या, साखर

अमेरिकेतला दिवस म्हणजे आपली रात्र. शरीराचे घड्याळ साधारणपणे दिवसाला एक तास सरकते. म्हणून पहिले आठ-दहा दिवस दुपारी डोळा लागतो. सतत १७ ते १९ तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे अभ्यासात दिसले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. मुंबईला उतरून रात्रभर प्रवास करून आलेल्याने त्या दिवशी गाडीला हात लावू नये.

झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी सुस्ती येते. त्या घेऊन गाडी चालवू नये. मधुमेहींनी जेवण चुकवून निघू नये, खिशात साखर ठेवावी. पायाला बधिरपणा असेल तर ब्रेक किती दाबला हे कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी लगेच रुग्णालयात जावे.

गाडीही बदलली आहे

जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या पायाखाली होता. नव्या गाडीत हे उलटे आहे. घाबरल्यावर पाय जुन्या जागीच दाबतो. नवी गाडी घेतली असेल, तर मोकळ्या मैदानात थांबण्याचा सराव करा.

डोके एकच

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडमध्ये मोटारसायकल अपघातात डोक्याला मार लागून सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे फौजेतील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून तो १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश फौजेने अशा स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो.

माळ्यावरचे जुने हेल्मेट वापरू नका. आयएसआय खुणेचे नवे घ्या, पट्टा बांधा. मागे बसणाऱ्या वहिनींनाही द्या, कायद्याने तेही बंधनकारक आहे.

पहिले पंधरा दिवस

पहिले तीन-चार दिवस मागे बसून रस्ते पाहा. नंतर दिवसाउजेडी एकट्याने, गावातल्या गावात चालवा. दुसऱ्या आठवड्यात कुर्डुवाडी किंवा परांडा रस्त्याला थोडे लांब जा. रात्रीची गाडी आणि मागे माणूस, दोन्ही पंधरा दिवसांनंतर. हँडलवर "डावीकडे" अशी चिठ्ठी चिकटवायला लाजू नका. परवाना संपून वर्ष उलटले असेल, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, तीही द्या.

दाखल्यावर सही करायला मला दोन मिनिटे पुरतात. पण डोळे, मान, रक्तदाब आणि साखर तपासायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ काढून या. वर्षानुवर्षे परमुलखात राबून आपण सुखरूप घरी आलात, आता घरापासून चौकापर्यंतही सुखरूपच जायला हवे.