दुकानाचं तोंड आणि पदरचे पैसे

आधी फ्लेक्स उतरवा, पैशाचं मग बोलू. नगरच्या कापड बाजारात, मोची गल्लीत, दाळमंडईत, आडते बाजारात बापजाद्यांच्या गादीवर बसलेल्या पोरांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो. दर्शनी बाजू सुधारायला किती खर्च येईल, असं तुम्ही विचारता. पण ती बाजू तुम्ही नीट पाहिलेलीच नसते. फ्लेक्सवर फ्लेक्स चढलेला, त्यावर ग्लोसाईन, त्यावर एसीपीचा पत्रा. मागे काय दडलंय ते बघायला सुतार आणि गवंडी दोघांना घेऊन एकदा शिडीवर चढा. जुनी इमारत असेल तर सागवानी तुळई सापडते, बिडाचा कठडा सापडतो, वरच्या खिडकीवर विटांची महिरप सापडते. तुळईवर हातोडीच्या दांड्यानं ठोका. भरीव आवाज आला तर लाकूड चांगलं आहे, पोकळ आला तर वाळवी आत पोचलेली आहे. जिथे तुळई भिंतीत शिरते तिथे चाकूचं टोक टोचून बघा, लाकूड सडायला तिथूनच लागतं. या अर्ध्या तासानंतर तुमचा अंदाज कदाचित निम्मा होईल, कदाचित दुप्पट, पण खरा होईल. पत्र्यावर अजून एक पत्रा ठोकण्याचं कोटेशन घेऊन माझ्याकडे येऊ नका.

हे आत्ताच का करायचं, तर गिऱ्हाईक सावेडीला चाललंय, मनमाड रस्त्याला चाललंय. तिथे गाडी लावायला जागा आहे, काच आहे, उजेड आहे. माल तोच असतो, पुष्कळदा आपल्यापेक्षा महागच असतो. अहमद निजामशहानं हे शहर 1490 साली वसवायला घेतलं. 1878 ला दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाल्यावर मालाची ये-जा सोपी झाली. इतक्या जुन्या पेठेचं बळ एकाच गोष्टीत आहे: एका रांगेत वीस दुकानं बघून घासाघीस करून घेता येतं. म्हणून पारनेर, पाथर्डी, श्रीगोंद्याची माणसं बस्ता बांधायला अजून कापड बाजारात येतात. पण बस्त्याला आता आईबापांबरोबर नवरी येते, तिच्या मैत्रिणी येतात. लोंबणाऱ्या वायरी आणि गळणारं पन्हाळ बघून त्या पायरीशीच थबकतात. त्यांना आत आणायचा खर्च हा धंद्याचा खर्च आहे, तो हौसेत धरू नका.

आता पैसा. पहिला कानमंत्र: सरकारी पैशाची वाट बघत बसू नका, पण सरकारी पैसा कुठे लागतो ते ओळखा. खासदार-आमदार निधी, जिल्हा नियोजन समितीचा निधी, नगरोत्थानचे पैसे हे सगळे सार्वजनिक कामाचे. रस्ता, गटार, पथदिवे, जमिनीखालून नेलेल्या वायरी यांना ते मिळतात. तुमच्या खाजगी भिंतीला, तुमच्या शटरला ते मिळत नाहीत. तेव्हा अर्ज करताना ‘दुकानांचं सुशोभीकरण’ असं मोघम लिहू नका. रस्त्याचं काम वेगळं, तुमचं काम वेगळं. महापालिकेकडे गटार आणि दिव्यांचं मागा, आणि सोबत लिहून द्या की आमच्या ओळीतले इतके दुकानदार आपल्या खर्चानं दर्शनी बाजू करून घेतायत. तुम्ही आधी हात घातलेला दिसला की समोरचा अधिकारी वेगळ्या तऱ्हेनं बोलतो.

हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं, धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, तेव्हा प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 ला पहिला गळीत हंगाम झाला. हिवरे बाजारच्या लोकांनी श्रमदान केलं, मग आदर्श गाव योजनेचा पैसा त्यांच्या कामी आला. लोकवाटा आधी पडला पाहिजे. अमेरिकेत नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेनं 1977 साली तीन छोट्या गावांपासून जुन्या पेठा सावरायचं काम हाती घेतलं. तिकडच्या पुष्कळ गावांत दर्शनी बाजूला अनुदान मिळतं, पण बहुधा दुकानदारानं आपला हिस्सा घातला तरच. आपल्याकडे तशी योजना खाजगी दुकानांसाठी नाही, म्हणून ती आपण आपल्या ओळीत उभी करायची.

कशी, ते सांगतो. पिग्मी तुम्हाला शिकवायला नको, संध्याकाळी एजंट गल्ल्यापाशी येतोच. दर्शनी बाजूसाठी वेगळी पिग्मी सुरू करा, रोज पन्नास रुपये. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका दुकानाचे पंधरा हजार होतात, वीस दुकानांचे तीन लाख. यातला मोठा भाग ज्याचा त्याला परत, त्याच्या दुकानाच्या कामाला. थोडा भाग सामाईक: परांची, गवंड्याची मजुरी, एक चांगला आर्किटेक्ट. परांची एकदाच भाड्यानं आणायची आणि ओळीनं पुढे सरकवत न्यायची. प्रत्येकानं आपापली बांधली तर भाडंच खर्चाचा मोठा लचका तोडतं.

भिशी लावायची तर ओळखीच्यांतच लावा, पण दर्शनी बाजूच्या पैशाला मी भिशी सुचवणार नाही. ज्याची चिठ्ठी आधी निघते त्याचं काम होतं, आणि ज्याची शेवटी निघते तो वर्षभर शेजारच्या नव्या रंगाकडे बघत बसतो. ओळ तिथेच फुटते. सामाईक पैसे नोंदणीकृत व्यापारी संघटनेच्या नावानं, दोन सह्यांच्या खात्यात ठेवा. आणि हे नीट ऐका: पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नाही. बँकेतल्या ठेवीला आहे, सहकारी बँकेतल्या ठेवीलाही आहे, पण एका ठेवीदाराला एका बँकेत 5 लाखांपर्यंतच. आपल्याच शहरातल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केला, तेव्हा पाच लाखांच्या वर ठेव असणाऱ्यांचं काय झालं ते तुमच्याच गल्लीत विचारा. संघटनेचे पैसे पाच लाखांच्या वर गेले की दुसऱ्या बँकेत दुसरं खातं उघडा.

सगळ्यात अवघड गाठ मालक-भाडेकरूची. पेठेतले निम्मे गाळे जुन्या भाड्याचे, कुठे पागडीचे. भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या भिंतीत पैसे का घालू? मालक म्हणतो, इतक्या भाड्यात मी काय करू? दोघांचं म्हणणं खरं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 सांगतो की दुरुस्ती मालकानं करायची. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्यानं केली नाही तर भाडेकरूनं करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, पण वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आता हिशोब करा. महिना पाचशे भाडं, वर्षाचे सहा हजार, चौथा हिस्सा दीड हजार. तेवढ्यात एक शटरही रंगत नाही. कायद्यानं भांडून दर्शनी बाजू होत नाही, बसून होते.

म्हणून मालकाच्या घरी जा, दुकानात बोलावू नका. दिवाळीच्या फराळाला गेलात तरी चालेल. पाचशेच्या स्टँपवर साधं संमतीपत्र करा: दुरुस्ती कुठली, खर्च कोणाचा, या कामामुळे कोणाचाही हक्क वाढत नाही की कमी होत नाही. भाडेकरूला तेवढ्यानं अभय मिळतं, कारण मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर त्याच कायद्यानुसार गाळा खाली करायची वेळ येऊ शकते. आणि मालकाची भिंत सांभाळली जाते. भाडं किती वर्षं वाढवायचं नाही, हेही त्याच कागदात बोलून घ्या. कागद वकिलाला दाखवा, पण बोलणं तुम्ही स्वतः करा. वकील पुढे घातला की समोरूनही वकीलच येतो.

पदरचे पुरत नसतील तर कर्ज घ्या, पण कामाला पुरेल एवढंच. मुद्रा योजनेत शिशू गटाला 50 हजारांपर्यंत, किशोरला 5 लाखांपर्यंत, तरुणला 10 लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. तरुण कर्ज नीट फेडलेल्याला 2024 पासून 20 लाखांपर्यंत. दर्शनी बाजूला शिशू किंवा किशोर पुष्कळ झालं. जुलै 2021 पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते, प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती; ती फुकट आहे, दलालाला पैसे देऊ नका. फाइलमध्ये शॉप ॲक्टची पावती, भाडेपावत्या, मालकाचं संमतीपत्र, मागच्या वर्षांची आयकर विवरणं आणि सुताराचं-गवंड्याचं लेखी कोटेशन घाला. बँक बहुधा पैसे थेट कोटेशन देणाऱ्याच्या खात्यावर टाकते, म्हणून कोटेशन पक्क्या बिलाच्या माणसाचं असू द्या. भाड्याच्या गाळ्यातली चालू दुरुस्ती त्याच वर्षी खर्चात धरता येते, नवं बांधकाम केलं तर घसारा घ्यावा लागतो. काम सुरू करायच्या आधी सीएला विचारा, मार्च संपल्यावर नव्हे.

खर्चाचा क्रम चुकवू नका. पहिले पैसे पन्हाळाला आणि गच्चीच्या गळतीला. पाणी थांबलं नाही तर वरचा सगळा रंग एका पावसाळ्यात वाहून जातो. दुसरे वायरिंगला. जुन्या लाकडाच्या इमारतीत, एसीपीच्या मागे, उघड्या जोडाच्या वायरी ही आगीची पेटी आहे. एक दुकान पेटलं तर सामाईक भिंतीतून ओळ पेटते. तिसरे भिंतीला. इथे गवंडी घाई करतो. जुनी भिंत चुन्याची असेल तर तिच्यावर सिमेंटचं प्लॅस्टर लावू देऊ नका. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट तिला आत कोंडतं, विटांवर खार येतो आणि काही वर्षांत प्लॅस्टरचे पापुद्रे सुटून खाली येतात. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा, त्याची मजुरी जास्त असली तरी घ्या. मग रंग. पाटी सगळ्यात शेवटी.

पाटीचं एक वेगळं सांगतो. 2022 च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयानं दिलेली मुदत 25 नोव्हेंबर 2023 ला संपली. घाईघाईत पुष्कळांनी जुन्या फ्लेक्सवर मराठी अक्षरांचा नवा फ्लेक्स चढवला. ते पैसे फुकट गेले असं मी म्हणत नाही, पण पुढची पाटी करताना ओळीनं एक उंची ठरवा आणि अक्षरं सुटी बसवा. महिरप दिसू द्या. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर आभा नारायण लांबा यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी हेच सांगितलं: पाट्या कमानींच्या आत बसवा, इमारत झाकू नका. तिथल्या दुकानदारांनी पुष्कळ पाट्या आपल्या खर्चानं बदलल्या आणि पुढे हेरिटेज माईल असोसिएशन उभं केलं. अमृतसरला 2016 मध्ये सरकारनं सुवर्णमंदिराच्या वाटेवरच्या दुकानांना एकसारखी दर्शनी बाजू दिली. ती वाट भाविकांची, तिचा पैसा वेगळा. आपल्याला मुंबईचा रस्ता जवळचा आहे: प्रत्येकाचं दुकान वेगळं, नियम एक, खर्च ज्याचा त्याचा.

ओटा किंवा छज्जा गटारावर पुढे ओढू नका. अतिक्रमण विभाग आला की पहिला हातोडा त्यावर पडतो आणि तुमचे लाख रुपये डंपरमध्ये जातात. समोर बसणाऱ्या हातगाडीवाल्याशीही भांडण काढू नका. फेरीवाल्यांना 2014 च्या कायद्यानं संरक्षण आहे, आणि तुमच्या पायरीवर गिऱ्हाईक थांबवण्यात त्यांचाही वाटा असतो. तुमच्या बैठकीत त्यांना बोलवा. पीएम स्वनिधीतून त्यांना पहिलं कर्ज आता 15 हजारांचं मिळतं, पुढे 25 आणि 50 हजार. नवी छत्री, नीटनेटकी गाडी त्यातून होऊ शकते. तुमच्या दुकानाचं तोंड उजळलं आणि समोर फाटकी ताडपत्री राहिली तर गिऱ्हाईकाला ताडपत्रीच दिसते.

काम पौषात काढा. लग्नं नसतात, गर्दी कमी असते, हवा कोरडी असते, चुना-रंग नीट वाळतो. संक्रांतीच्या वाणाच्या खरेदीपुरते चार दिवस परांची बाजूला ओढता येते. माघ लागायच्या आत पुढच्या बाजूचं सगळं उरका, कारण मग बस्त्यांची गर्दी सुरू होते आणि गवंडी कोणाच्या हाताला लागत नाही.

तेव्हा वीस दुकानं जमायची वाट बघू नका. ओळीतली सलग पाच-सहा दुकानं जमली तरी पुरे, पण सलग हवीत. दिवाळीचा हिशोब झाला की त्या पाच-सहा मालकांकडे एकत्र जा, आणि जाताना शिडीवरून काढलेले फोटो बरोबर न्या.