पात्याची वाट

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. येत्या हिवाळ्यात मित्रांसह उघड्यावर मुक्काम करण्याचा बेत असून सामानात चाकू आणि कुऱ्हाड घेतली जाणार असल्याचे कळले. त्या दोन अवजारांविषयी काही गोष्टी निघण्यापूर्वीच ध्यानात असाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

मुक्कामाची जागा कोणाच्या अखत्यारीत आहे, हे आधी पाहावे लागते. उदाहरणार्थ, हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील ‘शस्त्र’ या संज्ञेत बंदुकांप्रमाणे सुऱ्याही मोडतात, आणि कलम ३१ नुसार लेखी पूर्वपरवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. अशा ठिकाणी जाताना चाकू आणि कुऱ्हाड दोन्ही घरीच राहावीत आणि जेवणाची सोय पाचनईसारख्या पायथ्याच्या गावात करावी, हेच योग्य. कुऱ्हाडीला खरे काम असते ते खासगी शेतात, मालकाच्या संमतीने, वाळून पडलेले लाकूड फोडण्यापुरते.

धारदार अवजारांच्या साऱ्या नियमांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हा वार चुकला किंवा पाते निसटले, तर ते कोठे जाऊन थांबेल? उत्तर ओंडका किंवा जमीन असे असेल तर वार करावा. उत्तरात बोट, मांडी किंवा शेजारी बसलेला मित्र येत असेल तर आधी बैठक बदलावी. मांडीच्या आतल्या बाजूने पायाला रक्त पुरवणारी मोठी धमनी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, जाते आणि ती कापली गेल्यास काही मिनिटांतच प्राणावर बेतते. म्हणून दोन मांड्यांमध्ये काठी धरून तासणे सर्वथा वर्ज्य मानावे. कोपरे गुडघ्यांवर टेकवून, हात गुडघ्यांच्या पुढे ठेवून आणि पाते शरीरापासून दूर ढकलत तासावे. वापरताना पाते बोटांवर मिटू नये म्हणून मिटणारा चाकू पाते उघडताच पक्के अडकणाराच घ्यावा.

मराठी घरात वाढलेल्या हातांना विळीची सवय असते, हेही येथे विचारात घेतले पाहिजे. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी धरलेला हात पात्याकडे जातो. चाकूच्या बाबतीत हात स्थिर आणि पाते चालते, त्यामुळे तळहातावर कांदा धरून कापण्याची घाई मुक्कामावर हमखास नडते. सपाट फळी हे सामानातले ओझे नव्हे. ती चाकूइतकीच आवश्यक आहे. बोथट चाकू निरुपद्रवी असतो, हा समजही सोडून द्यावा, कारण बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावलेले पातेच घसरते. धार निघण्यापूर्वी लावून घ्यावी. हातातून सुटलेला चाकू मात्र कधीही झेलू नये, पाय मागे घेऊन तो पडू द्यावा.

कुऱ्हाडीची परीक्षा तिच्या नेढ्यापासून सुरू होते. नेढे म्हणजे दांडा बसवण्यासाठी पात्याच्या मागील भागाला असलेले आरपार भोक; त्यात दांडा पाचरीने घट्ट केलेला असतो. पावसाळ्यात फुगलेले लाकूड कोरड्या दिवसांत आक्रसते आणि पाते सैल होते. पाण्यात भिजवून ते घट्ट झाल्यासारखे वाटते खरे, पण लाकूड वाळताच ते पूर्वीपेक्षाही ढिले होते. तेव्हा सैल कुऱ्हाड सुताराकडून नवी पाचर मारून घेईपर्यंत वापरूच नये. आखूड दांड्याची कुऱ्हाड लहान म्हणून सुरक्षित वाटते, वस्तुतः तीच अधिक घातक ठरते: लांब दांड्याचा चुकलेला वार बहुधा जमिनीत जातो, तर आखूड दांड्याचा वार वळून थेट नडगीवर येतो. यास्तव आखूड कुऱ्हाड गुडघ्यांवर बसून, रुंद ओंडक्यावर लाकूड ठेवून चालवावी, म्हणजे चुकलेले पाते ओंडक्यात रुतते. वार करण्यापूर्वी कुऱ्हाड धरलेला हात पूर्ण लांबवून चारी बाजूंना आणि डोक्यावर फिरवून पाहावा. त्या घेरात माणूस, फांदी, तंबूची दोरी यांपैकी काहीही असता कामा नये, आणि ढलप्या उडत असल्याने प्रेक्षकांनी त्याहूनही बरेच लांब उभे राहावे. चपला घालून फोडाफोड करू नये. अंधार पडल्यावर तर कुऱ्हाड म्यानातच असावी. रात्रीपुरते सरपण दिवसाउजेडी होत नसेल तर शेकोटी लहान करावी.

इतके करूनही जखम झालीच, तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून न सोडता घट्ट दाबून धरावे, रुतलेली वस्तू उपसू नये, आणि दाबूनही हातापायातले रक्त उसळत राहिले तरच जखमेच्या वर रुंद पट्टी काठीने पिळून आवळावी व ती वेळ लिहून ठेवावी. धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. मोबाइलला रेंज मिळणारी जागा मुक्कामी पोहोचताच हेरून ठेवावी, कारण १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावताना गाव, तालुका आणि गाडी जेथवर येऊ शकते तो रस्ता सोबतच्या प्रत्येकाला सांगता आला पाहिजे.

घरी सर्वांस नमस्कार.

— मामा