पाणी दिलेला अ‍ॅक्सल: जॉब हातात घेतल्याशिवाय दर सांगू नका

लेथ टाकून जॉबवर्क सुरू करायचंय म्हणणाऱ्यांसाठी आज एकच जॉब बघू. जुन्या विलीज जीपचा मागचा अ‍ॅक्सल शाफ्ट. गिऱ्हाईक म्हणतं, "नवीन बेअरिंग बसत नाही, एक एमएम उतरवून द्या. किती घ्याल?"

इथंच आपण फसतो. मीही फसलोय. फोनवर साधं टर्निंग समजून दर सांगितला. दोन टिपा उडाल्यावर कळलं, माल पाणी दिलेला आहे. मजुरी टिपांतच गेली.

म्हणून आधी कानस मारून बघा. कानस नुसतीच घसरली तर तो भाग कडक आहे. नेमका आकडा हवा असेल तर रॉकवेल टेस्ट करून आणा. 50 एचआरसीच्या पुढं एचएसएस टूल चालत नाही. सीबीएन टिप लावा, नाहीतर ग्राइंडिंगला पाठवा. बाहेर पाठवणार असाल तर तो खर्च आणि जाण्यायेण्याचं भाडं दरातच धरा. गॅसनं तापवून मऊ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाणी उतरलं की शाफ्ट कामातून गेला.

आता खरा प्रश्न, उतरवायचं किती? कार्बुरायझिंग केलेल्या पार्टवरचा कडक थर बऱ्याचदा एक एमएमच्या आसपासच असतो. व्यासात एक एमएम काढला म्हणजे दर बाजूनं अर्धा एमएम. अर्धा थर तिथंच गेला! इंडक्शनचा थर जास्त खोल असतो, पण तुमच्या हातातला जॉब कोणता हे गिऱ्हाईकाला माहीत नसतं.

आणि हा भाग शोभेचा नाही. 1941 ते 45 मधल्या युद्धकाळातल्या विलीज एमबीचा मागचा अ‍ॅक्सल फुल-फ्लोटिंग, गाडीचं वजन हाउसिंगवर. नंतरच्या सीजे-3बीचा सेमी-फ्लोटिंग. तिथं बेअरिंग शाफ्टवरच बसतं, वजनही शाफ्टवरच येतं. चालत्या गाडीत तो तुटला तर चाकच निघून जाऊ शकतं. बिल तुमच्या दुकानाचं असतं, हे विसरू नका.

मी तपासणीचे पैसे वेगळे घेतो, काम नाकारलं तरी. शाफ्टचं माप, हार्डनेस, किती काढलं, सगळं बिलावर लिहितो.

आणि हो, शाफ्टला हात लावण्याआधी बेअरिंगला मायक्रोमीटर लावा. ही गाडी अमेरिकन, मापं इंचातली. गिऱ्हाईकानं मेट्रिक बेअरिंग आणलेलं असेल, तर शाफ्ट नाही, बेअरिंग बदलायचं.