जपून ठेवलेली बॅटरी

(वापरली नाही की वस्तू नवीच राहते, असे आपण समजतो. पण सर्वच वस्तूंच्या बाबतीत हे खरे नसते. लॅपटॉपची बॅटरी नुसती पडून राहिली तरी कशी जुनी होते आणि ती साठवताना कोणती काळजी घ्यावी, हे प्रस्तुत पाठात एका घरातील प्रसंगाच्या आधारे सांगितले आहे.)

आमचे घर मालेगावला आहे. घरावर पत्र्याचे छप्पर आहे. माझ्या दादाजाननी सारी उमर यंत्रमागावर काम केले. 'वस्तू जपली तर वस्तू आपल्याला जपते,' असे ते नेहमी म्हणतात. त्यांची एक मोठी लोखंडी पेटी आहे. नवी चादर, नवे कुलूप, चार्जिंगचा नवा दिवा, असे सगळे त्या पेटीत असते. ते बाहेर मात्र क्वचितच येते.

तीन वर्षांपूर्वी दादाजाननी माझ्या आपासाठी एक वापरलेला लॅपटॉप विकत घेतला. त्याच्याबरोबर त्यांनी एक नवीन बॅटरीही घेतली. दुकानातच ती पूर्ण चार्ज करून घेतली. घरी आल्यावर ते म्हणाले, "बेटी, जुनी बॅटरी चालते तोवर चालव. ही नवी मी पेटीत ठेवतो. तू कॉलेजात जाशील तेव्हा कामाला येईल."

यंदा आपा कॉलेजात गेली. जुनी बॅटरी आता अगदीच थकली होती. एका संध्याकाळी आपा प्रकल्पाचे लेखन करत बसली होती. दुसऱ्या दिवशी तो द्यायचा होता. तेवढ्यात वीज गेली आणि लॅपटॉपही बंद पडला. दादाजान हसत उठले. त्यांनी पेटी उघडून ती बॅटरी काढली. तिच्यावरचे प्लास्टिकही तसेच होते. पण ती बसवूनही लॅपटॉप सुरू झाला नाही. रात्री वीज आल्यावर आपाने बॅटरी चार्जिंगला लावली. पहाटे पडद्यावर '१०० टक्के' असे दिसले. आपाने वायर काढली आणि लिहायला सुरुवात केली. वीस मिनिटांत पडदा काळा झाला.

दादाजानना फार वाईट वाटले. मग त्यांना राग आला. "दुकानदाराने मला फसवले! जुनी बॅटरी नवी म्हणून दिली," असे म्हणत ते निघाले. आपा आणि मीही त्यांच्याबरोबर गेलो.

दुकानदाराने त्यांचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. "चाचा, बसा," असे म्हणून त्याने बॅटरी हातात घेतली. तिच्यावर छापलेली तारीख त्याने आम्हाला दाखवली. बॅटरी खरोखरच नवी दिलेली होती. मग त्याने ती काचेच्या सपाट टेबलावर ठेवली. ती थोडी डुगडुगत होती. तिचे पोट किंचित फुगले होते.

"चाचा, ही तुम्ही कुठे ठेवली होती?"

"लोखंडी पेटीत. पत्र्याच्या खोलीत. कोणी हातसुद्धा लावला नाही!"

"तुमच्या पेटीला गंज चढतो का?"

"चढतो ना."

"पेटी काही काम करत नाही, तरी गंज चढतो. कारण हवा आणि ओल यांची लोखंडावर रासायनिक क्रिया होतच असते. बॅटरीच्या आतही अशीच एक क्रिया हळूहळू चालू असते."

मग त्याने आम्हाला समजावून सांगितले. लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. तिच्या एका बाजूला ग्रॅफाइट असते, तर दुसऱ्या बाजूला धातूचे ऑक्साइड असते. दोहोंच्या मध्ये एक रासायनिक द्रव असतो. बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात. बॅटरी वापरताना ते परत दुसऱ्या बाजूला जातात. या ये-जा करण्यावरच बॅटरीचे काम चालते.

ग्रॅफाइटवर द्रवाच्या क्रियेमुळे एक अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर आवश्यक असतो, कारण तो ग्रॅफाइटचे रक्षण करतो. परंतु बॅटरी नुसती पडून असली तरी तो हळूहळू जाड होत जातो. त्यात जे लिथियम अडकते, ते पुन्हा कामाला येत नाही. अशा रीतीने बॅटरीची साठवण्याची शक्ती कमी होते. मोठा हंडा गाळाने भरत जावा आणि त्यात तांब्याभरच पाणी मावावे, तसे हे आहे. हंडा काठोकाठ भरलेला दिसतो, पण पाणी थोडेच असते. म्हणूनच पडद्यावर १०० टक्के दिसूनही आपाची बॅटरी वीस मिनिटेच चालली.

"ही क्रिया दोन गोष्टींनी वेगाने होते," दुकानदार म्हणाला. "एक म्हणजे उष्णता आणि दुसरी म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी. एक ढोबळ अंदाज सांगतो. २५ अंश सेल्सिअसला साधारण ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे ९६ टक्के शक्ती टिकते. तीच पूर्ण भरून ठेवली तर सुमारे ८० टक्के टिकते. आणि ४० अंशाला पूर्ण भरून ठेवली तर जेमतेम ६५ टक्के!"

मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली किती उकाडा होतो, हे आम्हाला ठाऊक होते. दादाजान गप्प झाले.

"मग रिकामी करून ठेवायची का?" मी विचारले.

"तेही चूक. बॅटरीच्या आत एक लहान सर्किट असते. ते थोडी थोडी वीज घेतच राहते. बॅटरी स्वतःही थोडी उतरते. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब बहुधा ४.२ व्होल्ट असतो. तो उतरत उतरत फारच खाली गेला, तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. अशी बॅटरी पुन्हा चार्ज केली तर आत शॉर्ट सर्किट होण्याची भीती असते. म्हणून ते सर्किटच पुष्कळदा चार्जिंग नाकारते. तेव्हा बॅटरी निम्मी भरावी, थंड व कोरड्या जागी ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी तपासून पुन्हा निम्मी भरावी."

थोडे थांबून तो म्हणाला, "चाचा, तुम्ही बॅटरी वाईट ठेवली नाही. मी ती पूर्ण भरून दिली, पण कशी ठेवायची ते सांगितले नाही. चूक माझीही आहे. आता ही पुन्हा चार्ज करू नका. आत वायू तयार झाल्यामुळे ती फुगली आहे. तिला दाबले किंवा टोचले तर आग लागू शकते."

आमच्या देशात २०२२ मध्ये बॅटरीच्या कचऱ्याविषयी नियम झाले आहेत. निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. ती गोळा करणाऱ्या केंद्रात द्यायची असते. दुकानदाराने ती बॅटरी केंद्रात पाठवण्यासाठी वेगळी ठेवली.

परत येताना आपाने सांगितले, "दादाजान, ही बॅटरी १९९१ मध्ये जपानमधील सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या शोधासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना मिळाले. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते!"

"पाहिलेस?" दादाजान म्हणाले. "माणूस कामात राहिला म्हणून टिकला." कितीतरी वेळाने ते हसले.

घरी येताच त्यांनी पेटी उघडली. चार्जिंगचा नवा दिवा काढला आणि आपाच्या टेबलावर ठेवला. "बेटी, आजपासून हा वापर," ते म्हणाले. "जपणे म्हणजे नुसते झाकून ठेवणे नव्हे. कोणती वस्तू कशी टिकते, हे समजून घेणे म्हणजे जपणे."

शब्दार्थ

जपणे – काळजीपूर्वक सांभाळणे
क्वचित – कधीतरी
डुगडुगणे – स्थिर न राहता हलणे
गाळ – पाण्याच्या तळाशी बसणारी माती
ढोबळ – साधारण, अगदी नेमका नसलेला
जेमतेम – कसेबसे, मोठ्या मुश्किलीने
निकामी – उपयोग नसलेले

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) दादाजाननी नवी बॅटरी कुठे ठेवली होती?
(२) बॅटरी का फुगली होती?
(३) निकामी बॅटरी कुठे द्यावी?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) दुकानदाराने पेटीच्या गंजाचे उदाहरण का दिले?
(२) बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून का ठेवू नये?
(३) दादाजानचा राग कसा गेला?

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (निम्मी, उष्णतेने, ग्रॅफाइटमध्ये)
(१) चार्ज होताना लिथियमचे आयन ______ जातात.
(२) बॅटरीची शक्ती ______ लवकर घटते.
(३) साठवताना बॅटरी ______ भरावी.

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
नवा, थंड, कोरडा, पातळ

प्र. ५. 'दुकान', 'तारीख', 'हवा', 'चादर' हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : घरात न वापरता ठेवलेल्या चार्जिंगच्या वस्तूंची यादी मोठ्यांच्या मदतीने करा. प्रत्येक वस्तू कुठे ठेवली आहे व ती जागा गरम आहे की थंड, हे वहीत लिहा.