सही करण्याआधी ओपीडीत जाऊन या

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. अंबाजोगाईला जायला मी घाबरले नव्हते. ‘हिलाच आडगाव नको होतं, आता रडतेय’ असं आमच्या नातेवाइकांत अजून बोललं जातं, म्हणून हे लिहिते आहे. एमबीबीएससाठी सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये मी अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज स्वतःच्या हाताने वर टाकलं होतं. पहिल्या फेरीत ते थोडक्यात हुकलं आणि खाली टाकलेलं खासगी कॉलेज लागलं.

ते कॉलेज घरापासून एसटीने पाऊण तासावर. आईचा जीव भांड्यात पडला. परळीपर्यंत रेल्वे, पुढे पुन्हा गाडी, हा प्रवास मुलीने एकटीने करायचा हे तिला झेपत नव्हतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांनी वहीत आकडे मांडले. इकडे वर्षाला साडेनऊ लाख, हॉस्टेल-मेस वेगळं. तिकडे फी दीड लाखाच्या आसपास. ते रात्री उशिरापर्यंत तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत होते.

निकाल लावला तो आमच्या समुपदेशकांनी. फॉर्म भरून द्यायचे त्यांनी पस्तीस हजार घेतले होते. “गुरुजी, सरकारीत बाँड असतो. मुलगी वर्षभर कुठल्या खेड्यात अडकेल सांगता येत नाही. आणि स्टेटस रिटेन्शनवर सही केली नाहीत, तर हातातली सीटही जाईल.”

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. प्रवेश घेऊन स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे ‘आहे तीच सीट कायम’ असं सांगणारा फॉर्म भरला नाही, तर पुढच्या फेरीत तुमचा विचार होतो. वरचं कॉलेज मिळालं तर आधीची सीट आपोआप रद्द होते, नाही मिळालं तर आहे ती राहते. फॉर्म भरला की मात्र तुम्ही स्पर्धेतूनच बाहेर. आणि बाँडची भीती कशाची? सरकारी कॉलेजातून बाहेर पडल्यावर एक वर्ष सेवा, तीही पगारी. ती करायची नसेल तर तेव्हा दहा लाख दंड भरून सुटता यायचं. माझी साडेचार वर्षांची फीच बेचाळीस लाखांच्या पुढे गेली. हा हिशेब त्या रात्री त्या वहीत कुणीच मांडला नाही, याची बाबांना अजून टोचणी आहे.

कॉलेजच्या काउंटरवर क्लार्कने कागदांचा गठ्ठा पुढे केला. सह्यांच्या जागी आधीच पेन्सिलने फुल्या मारलेल्या. मध्येच एका कागदावर ‘रिटेन्शन’ दिसलं. मी विचारलं, “हे आत्ताच द्यावं लागतं का?” तो मान वर न करता म्हणाला, “रूटीन आहे मॅडम, मागे लाइन बघा.” मी सही केली. दुसऱ्या फेरीत माझ्यापेक्षा अकरा गुण कमी असलेल्या मैत्रिणीला अंबाजोगाई लागलं. समुपदेशकांना फोन केला तर म्हणाले, “झालं ते झालं. बिल्डिंग बघा ना कॉलेजची!”

बिल्डिंग खरंच छान होती. एसी लेक्चर हॉल, काचेची लिफ्ट. पहिलं वर्ष ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीत गेलं, त्यामुळे हॉस्पिटलचं काही कळलं नाही. वॉर्ड पोस्टिंग सुरू झाली आणि रिकाम्या खाटा दिसल्या. एका पेशंटभोवती आम्ही पंधरा जण उभे राहायचो. दुपारपर्यंत तो बिचारा तीच हकिगत सांगून थकलेला असायचा.

मग कॉलेजच्या मान्यतेची तपासणी आली. सकाळी सातला गेटजवळ तीन बस लागल्या. जवळच्या गावांतली माणसं उतरली, त्यांना केसपेपर मिळाले, खाटा मिळाल्या. मला फीमेल मेडिसिन वॉर्डात हिस्टरी घ्यायला उभं केलं. खाटेवर साठीच्या आजी होत्या, पायाशी पिशवी, पिशवीत भाकरीचं फडकं. मी विचारलं, “आजी, काय त्रास होतोय?” त्या हळूच म्हणाल्या, “मला काय बी नाय झालं, पोरी. जेवण आन् दोनशे रुपये देत्यात म्हणून आले. तूच ल्ही काय ल्हायचं ते.” मी ‘ताप, तीन दिवस’ लिहिलं. ज्या शिक्षणासाठी बाबांनी घर तारण ठेवलं ते हे, असं त्या क्षणी मला लख्ख कळलं. संध्याकाळी बस परत गेल्या.

मैत्रीण तिकडे सर्पदंश बघत होती, कीटकनाशक प्यायलेली माणसं बघत होती, रात्री लेबर रूममध्ये उभी होती. इंटर्नशिपमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात माझ्यासमोर पहिली प्रसूती आली, तेव्हा सिस्टरने सगळं केलं. मी नाळेचा चिमटा धरून होते.

तुम्ही दोन कॉलेजांमध्ये अडकला असाल, तर खासगी कॉलेजात कुणालाही न सांगता कामाच्या दिवशी सकाळी दहाला जा. केसपेपरच्या खिडकीपाशी तासभर बसा आणि रांग मोजा. वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, महिन्याला प्रसूती किती होतात. कॉलेज ज्यांना भेटवतं त्या विद्यार्थ्यांशी नव्हे, चहाच्या टपरीवर इंटर्न्सशी बोला. स्टायपेंड किती मिळतो आणि हातात किती राहतो, हेही विचारा.

शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेलीच फी आहे ना, ते तपासा. कोर्स साडेचार वर्षांचा आहे. आमच्याकडे पाचव्या वर्षाचीही पूर्ण फी मागितली. आम्ही काहीजण लेखी भांडलो, तेव्हा अर्धी सुटली. न भांडलेल्यांनी पूर्ण भरली. कर्जाला साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते, आणि शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चालूच राहतं. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, नियम बदलत असतात. घरच्यांशी मोकळेपणाने बोला. मुलीला घराजवळ ठेवायचं हे कारण चुकीचं नाही, पण मीही शेवटी हॉस्टेलवरच राहिले, कारण ते सक्तीचं होतं.

मागच्या आठवड्यात शेजारच्या मुलीला पहिल्या फेरीत आमचंच कॉलेज लागलं. समुपदेशकही तेच. तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन मी सोमवारी ओपीडीत जाऊन बसले. साडेदहापर्यंत खिडकीवर नऊ माणसं आली. काकांनी काही विचारलं नाही. नंतर प्रवेशाच्या काउंटरवर पेन्सिलच्या फुल्या होत्याच. काकांनी एकेक कागद वाचला, एक बाजूला काढला आणि क्लार्कला म्हणाले, “यावर सही होणार नाही.” दुसऱ्या फेरीची यादी गुरुवारी लागणार आहे.