चालकाची बैठक आणि संगणकातील माणूस

अस्थिरोगतज्ज्ञाने मोटारीच्या आसनाविषयी लिहावे, हे आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना काहीसे आडवाटेचे वाटेल. परंतु इंदूरहून पीथमपूर जवळ असल्याने माझ्याकडे ट्रकचालक रुग्ण नेहमी येतात, आणि त्यांतील एकानेच मला या विषयाकडे वळविले.

जेमतेम पाच फूट दोन इंच उंचीचा हा गृहस्थ कंबरदुखी घेऊन आला. घडी केलेले कांबळे पाठीमागे ठेवून तो गाडी चालवीत असे. मी ते काढावयास सांगितले, पाठ टेकून ताठ बसण्याचा आपणा सर्वांच्या तोंडी असलेला सल्ला दिला आणि व्यायाम शिकविले. महिन्याभराने तो परत आला तेव्हा दुखणे वाढलेले होते. "डॉक्टरसाहेब, पाठ टेकली की क्लच पुरता दबत नाही," एवढेच तो म्हणाला. मी त्याचा कणा तपासला होता. त्याचे पाय कोठवर पोहोचावयाचे आहेत, हे विचारलेच नव्हते.

चालकाची बैठक तीन ठिकाणी बांधलेली असते. पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर. उरलेल्या शरीराने यातून तडजोड काढावयाची. कीगन यांनी १९५३ साली क्ष-किरण चित्रांच्या आधारे दाखविले होते की, धड व मांडी यांतील कोन सुमारे १३५ अंश असता कमरेचा बाक नैसर्गिक राहतो आणि कोन ९० अंशांकडे आला की तो सपाट होत जातो. हे आपण शिकलेलो असतो. पण रुग्णाचा तो कोन कोण ठरवितो? पुष्कळदा वाहनाचा आराखडा काढणारा अभियंता.

या अभियंत्यांच्या मदतीस संगणकीय मानवप्रतिमा आल्या. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे 'सॅमी', अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'जॅक', जर्मनीत 'रॅमसिस'. हाडे, सांधे व मापे असलेला हा पडद्यावरचा माणूस हवा तसा उंच वा ठेंगणा करता येतो. अडचण एकच, त्याला आपले आपण बसता येत नाही. अभियंता बसवील तसा तो बसतो आणि तक्रार करीत नाही! सांध्यांच्या सुखकर कोनांची कोष्टके होती. रेबिफे यांनी १९६९ साली गुडघ्यासाठी ९५ ते १३५ अंश सुचविले होते. पण एवढ्या मर्यादांत बैठका असंख्य संभवतात. खरा माणूस त्यांतील कोणती निवडील?

मिशिगन विद्यापीठातील मॅथ्यू रीड व सहकाऱ्यांनी २००२ साली याचे उत्तर निरीक्षणातून दिले. ६८ स्त्री-पुरुषांना आसन व अंतर्रचनेच्या १८ निरनिराळ्या मांडण्यांत बसवून त्यांनी नोंदी घेतल्या. उंची, बसल्या उंचीचे एकूण उंचीशी प्रमाण, वजन-उंची निर्देशांक आणि आसन-स्टिअरिंगची जागा यांवरून खुब्याचे व डोळ्याचे स्थान सांख्यिकीने काढावयाचे, आणि मधला कणा व हातपाय त्यांना जुळतील असे बसवावयाचे, ही त्यांची रीत. पाच मोटारींतील १२० चालकांशी ताडून पाहता डोळ्याच्या सरासरी स्थानातील चूक बहुधा १० मिलिमीटरहून कमी निघाली. मात्र हे गटाच्या सरासरीचे गणित आहे. एकाच मापाची दोन माणसे निराळी बसतात, हे लेखकांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. त्यांच्या आधीच्या, १९९६ च्या अभ्यासाने मला अधिक अस्वस्थ केले. आसनाला कमरेचा आधार दिला तरी चालक उभे असतानाचा बाक धारण करीत नाहीत. ते कणा बराच सपाट ठेवूनच बसतात. आपला 'ताठ बसा' हा उपदेश कोणाही चालकाने किती काळ पाळला असेल, कोण जाणे.

मोटारीसाठीचे हे समीकरण उंच आसनाच्या ट्रकला जसेच्या तसे लागू करता येणार नाही, आणि मिशिगनच्या मापांवर माळव्याचा चालक बसविणेही योग्य नव्हे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ १९९७ साली प्रकाशित केला, तो अशा वेळी उपयोगी पडतो.

शेवटी मी त्या रुग्णाच्या केबिनमध्ये चढून पाहिले. आसन रुळावर पुढच्या टोकाला आधीच आलेले होते. पाठ टेकली की क्लचसाठी गुडघा सरळ करून डावा खुबा पुढे ढकलावा लागे, आणि तोही दिवसातून शेकडो वेळा. म्हणजे ते कांबळे हा त्याचा हट्ट नव्हता. पाठीची टेकण पुढे आणण्याचा तो त्याने शोधलेला उपाय होता. मऊ कांबळे दबून चुरगळे, एवढाच त्यात दोष. त्याऐवजी घट्ट फोमची, टेकणीला बांधलेली उशी मी सुचविली. त्याची वेदना पुष्कळ उतरली, पुरती गेली नाही. आता चालक रुग्ण आला की मी त्याला स्टुलावर भिंतीला टेकून बसवितो, बसली उंची टेपने मोजतो आणि आसन रुळावर कितव्या खाचेत असते ते विचारून केसपेपरवर लिहून ठेवतो.